दगड उचलण्याआधी

काठमांडूत उतरलो त्या सकाळी बसस्थानकाबाहेरच्या चहावाल्याने आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : 'इंडियाहून आलात? मग सिलिंडर कुठाय?' आजूबाजूचे दोघे-चौघे हसले. आम्हीही हसलो, पण ते हसू ओठांपाशीच थांबले. चहा लाकडावर उकळत होता. धुराने आमचेच डोळे चुरचुरत होते.

नोव्हेंबर २०१५ ची ही गोष्ट. आम्ही चौदा जण लातूर जिल्ह्यातून निघालो होतो. मुंबई गाठायची, कुर्ल्याहून गोरखपूर, तिथून जीपने सोनौलीची सीमा आणि मग रात्रभर बस. बारा जण विशी-बाविशीतली मुले-मुली, कॉलेजच्या श्रमदान शिबिरांतून एकत्र आलेली. तेरावा मी, पस्तिशी गाठलेला, त्यांचा 'दादा'. चौदावे होते औसा तालुक्यातले एक गवंडी. वय पंचावन्नच्या पुढे. त्यांना सगळे 'मामा' म्हणत. मामांना का न्यायचे, यावर निघण्याआधी थोडी कुरबूर झाली होती. 'युवकांच्या गटात मामा कशाला?' असे एकाने विचारलेही होते. त्याचे उत्तर आम्हाला पुढे मिळाले.

त्या वर्षी २५ एप्रिलला, शनिवारी दुपारी बाराला चार मिनिटे कमी असताना नेपाळ हादरले होते. ७.८ क्षमतेचा भूकंप. १२ मे रोजी पुन्हा ७.३ चा. जवळजवळ नऊ हजार माणसे गेली, त्यांतली साडेतीन हजारांवर एकट्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली. सुमारे पाच लाख घरे जमीनदोस्त झाली. नेपाळात शनिवारी शाळांना सुट्टी असते, म्हणून हजारो मुले वाचली. वर्ग कोसळले तेव्हा ते रिकामे होते.

सिंधुपाल्चोकमधल्या एका गावातल्या युवा क्लबशी आमच्या गटातल्या एका मुलाची ओळख झाली होती. दोन वर्गखोल्यांची तात्पुरती शाळा उभी करायची होती. कमरेपर्यंत दगडाची भिंत, वर बांबूचा सांगाडा आणि पत्रा. आम्ही पत्र्यांचे पैसे गोळा केले होते आणि पंधरा दिवस राबायला येतो असे कळवले होते. 'या', असे त्यांनी उत्तर दिले. त्या 'या'मध्ये नेमके काय काय होते, हे आम्ही विचारले नाही.

खरे तर मी विचारायला हवे होते. कारण असे राबायला येणारे लोक मी फार जवळून पाहिले होते, तेही दुसऱ्या बाजूने.

* * *

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गाव झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारीची जमीन हलली. आमचे गाव तिथून आठ किलोमीटरवर. मी तेरा वर्षांचा होतो. अंगणात झोपलो होतो म्हणून राहिलो. माझी आजी आणि धाकटी बहीण घरात होत्या. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवद आणि त्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा थर. उन्हाळ्यात थंड राहणारे ते घर काही सेकंदांत ढिगारा झाले. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली.

त्यानंतर आमच्याकडे माणसांचा पूर आला. त्यांत देवमाणसे होती, हे आधी सांगतो. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. जवान आले, डॉक्टर आले. पण रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीगही आले. त्यात लोकरीचे ओव्हरकोट होते, उंच टाचांच्या चपला होत्या, एक जरीची शेरवानी होती. पावसात भिजून ते ढीग कुजले. पुढे कित्येक दिवस आम्ही पोरे ती शेरवानी आळीपाळीने घालून नवरदेव व्हायचो आणि आई ओरडायची.

मग नवी गावे झाली. बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. आखलेले रस्ते, एका मापाची घरे. आमच्या नव्या घरात बैल बांधायला जागा नव्हती, कडबा ठेवायला नव्हती, चूल कुठे मांडायची हे कुणाच्या नकाशात नव्हते. घर मजबूत होते, यात शंका नाही. पण शेजारच्या आजी उंबऱ्यावर बसून म्हणायच्या, 'लई चांगलं दिलं बाबा, पण एकदा इचारलं असतं तर?'

त्या गर्दीतला एकच माणूस मला नीट आठवतो. केरळातून आलेला एक तरुण. त्याला मराठी येत नव्हते, हिंदीही मोडकेच. तो रोज आमच्या पत्र्याच्या शेडपाशी पाण्याची घागर आणून ठेवायचा. आमचा ढिगारा उपसायला आला तेव्हा प्रत्येक वस्तू हातात घेतली की आईकडे बघायचा. आईने मान हलवली तरच ती बाजूला ठेवायचा किंवा टाकायचा. एक तुटकी फणी त्याने अशीच धरून ठेवली. ती बहिणीची होती. आईने ती पदरात बांधली. त्या तरुणाचे नाव आम्हाला कधी कळले नाही. पण आई अजून त्याची आठवण काढते. बाकी कुणाची काढत नाही.

* * *

काठमांडूहून अरनिको राजमार्गाने धुलिखेल, तिथून खाली दोलालघाट. तिथे इंद्रावती आणि सुनकोशी या नद्या भेटतात. मग चढण चढत चौतारा, हे जिल्ह्याचे ठिकाण. चौतारा म्हणजे झाडाभोवतीचा पार. डोक्यावरचे ओझे टेकवून क्षणभर बसायची जागा. नाव इतके ओळखीचे आणि लिपी तर आपलीच, त्यामुळे मुलांना वाटले, परदेश असा नाहीच हा. पण बसमध्ये माणसे टपावर बसली होती, कारण डिझेल नव्हते आणि दिवसाला कशीबशी एखादी बस सुटत होती.

२० सप्टेंबर २०१५ ला नेपाळची नवी राज्यघटना जाहीर झाली. तराईतल्या मधेशी लोकांना ती मान्य नव्हती. ते सीमेवर धरणे धरून बसले आणि भारतातून जाणारे इंधन, गॅस, औषधे अडली. भारताने आपण नाकेबंदी केल्याचे अधिकृतपणे कधीच मान्य केले नाही. पण पहाडात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळे. भूकंपाच्या दिवशीच 'ऑपरेशन मैत्री'ची विमाने पाठवणारा देशही हाच आणि चूल विझवणाराही हाच. पुढे फेब्रुवारी २०१६ पर्यंत हे चालले. हा सगळा राग घेऊन त्या गावाने आम्हाला, चौदा भारतीयांना, घरात घेतले. घर म्हणजे पत्रा आणि ताडपत्री. जेवायला ढिंडो, म्हणजे नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचे कालवण. मामांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, 'ही तर आपली उकडच की.'

कामाला सुरुवात झाली. पडलेल्या शाळेचे दगड खालच्या बाजूला विखुरले होते. ते निवडायचे, डोकोत भरायचे आणि वर आणायचे. डोको म्हणजे पाठीवरची बांबूची टोपली. तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर घेऊन ओझे मानेवर तोलायचे. आमच्या मुलांनी जोशात सुरुवात केली. पहिल्याच दिवशी दोघांच्या माना अवघडल्या, एकाचा पाय मुरगळला. संध्याकाळी फोटो मात्र छान आले. हिमशिखरे, घाम, हसरे चेहरे.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की बांधावर दहा-बारा बायका रोज येऊन बसतात आणि आमच्याकडे बघतात. मला वाटले, कौतुक. त्या दिवशी ज्यांच्या घरी आम्ही राहत होतो त्या दिदी माझ्याजवळ आल्या. त्यांचा नवरा कतारमध्ये बांधकामावर होता. गावातल्या बहुतेक घरांतले पुरुष असेच आखातात नाहीतर मलेशियात. दिदींना दिल्लीत राहून आलेले बऱ्यापैकी हिंदी येत होते. पण पहिले वाक्य त्यांनी नेपाळीतच उच्चारले, बहुधा मागे बसलेल्या बायकांनाही कळावे म्हणून : 'यो काम त हामी पनि गर्न सक्छौं नि.' हे काम तर आम्हीही करू शकतो.

मी म्हणालो, 'हो दिदी, पण तुम्हाला त्रास नको म्हणून...'

'त्रास?' त्या म्हणाल्या. 'इथे दगड वाहायला दिवसाला सहाशे रुपये मिळतात. तुम्ही फुकट वाहता. मग आम्हाला कोण बोलावणार?' आणि मग अगदी सहज विचारले, 'तुम्हाला यायला-जायला माणशी किती खर्च आला?'

रात्री कंदिलाच्या उजेडात मी वहीत हिशेब मांडला. माणशी साडेसहा हजार रुपये. चौदा जणांचे एक्क्याण्णव हजार. आपल्या शंभराचे नेपाळी एकशे साठ होतात, म्हणजे एक लाख पंचेचाळीस हजार सहाशे. सहाशेने भागले तर दोनशे बेचाळीस दिवसांची मजुरी. बांधावर बसणाऱ्या बारा बायकांना वीस-वीस दिवस काम. तेवढ्यात ती शाळा झाली असती. आमच्यापेक्षा नीट झाली असती. शिवाय त्यांच्या घरात थंडीच्या तोंडावर बारा-बारा हजार रुपये गेले असते.

त्या रात्री अडीचच्या सुमारास जमीन हलली. छोटा धक्का होता, असे तिथे रोजचेच होते. मुले उशिरा जागी झाली. मी मात्र कधी बाहेर आलो ते मलाच कळले नाही. दिदीही बाहेर होत्या, अनवाणी. आम्ही दोघे काही न बोलता अंधारात उभे राहिलो. मग त्यांनी विचारले, 'तुमच्याकडेही झाला होता का?' मी हो म्हणालो. आजीचे आणि बहिणीचे सांगितले. त्यांची सासू गेली होती. 'मग तुम्हाला कळायला हवं होतं,' त्या म्हणाल्या. रागाने नाही. पण ते वाक्य मला अजून टोचते.

* * *

स्वयंसेवेची ही कल्पना फार जुनी नाही. १९२० साली पिएर सेरेसोल नावाच्या स्विस इंजिनिअरने फ्रान्समध्ये व्हर्डनजवळच्या एन या उद्ध्वस्त गावात पहिले आंतरराष्ट्रीय शिबिर भरवले. कालपरवापर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतली माणसे एकत्र येऊन घरे बांधतील, ही त्यामागची श्रद्धा. त्या गटात जर्मन होते. काही महिन्यांतच स्थानिकांना ते सोसेना आणि शिबिर गुंडाळावे लागले. जखम ताजी असताना कुणाचा हात चालतो आणि कुणाचा नाही, हे गाव ठरवते, येणारा नव्हे. पुढे या चळवळीने, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलने, रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या कामाशी स्पर्धा करायची नाही, हे तत्त्वच मानले.

हेच सेरेसोल १९३४ मध्ये भारतात आले, तेही भूकंपामुळेच. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार आणि नेपाळ दोन्ही उद्ध्वस्त झाले होते. बिहारमध्ये मदतकार्याची धुरा राजेंद्रप्रसादांकडे होती. सेरेसोल आणि त्यांचे सोबती मुजफ्फरपूर भागात गावे वसवायला राबले. पुढे आपल्या आनंदवनातही सुरुवातीच्या वर्षांत याच संस्थेचे परदेशी स्वयंसेवक येऊन घाम गाळून गेले. बाबा आमट्यांनी १९६७ पासून सोमनाथला जी श्रमसंस्कार छावणी चालवली, तिच्यात गेलेली माणसे महाराष्ट्राच्या गावोगावी भेटतात. आमच्या गटातही तिघे होते. हा वारसा मोठा आहे. त्यामुळेच त्या रात्रीचा हिशेब मला जास्त लागला.

सकाळी मी वही मुलांपुढे ठेवली. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एक मुलगी म्हणाली, 'दादा, म्हणजे आपण यायलाच नको होतं?' दुसरा चिडला : 'आपण मनापासून आलोय. पैशांत मोजायचं का सगळं?' त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. त्याने गावोगावी फिरून पत्र्यांसाठी वर्गणी जमवली होती.

मामा तोवर गप्प होते. ते म्हणाले, 'पोरांनो, मन लई चांगलं. पण भिंत मनावर उभी राहत न्हाई. त्या दीदीला आन् त्या मिस्त्रीला बोलवा, आन् काय करायचं ते त्यांनाच इचारा.'

* * *

दुपारी पारावर बैठक झाली. क्लबचा सेक्रेटरी अवघडून बसला होता. पाहुण्यांना मजुरीचे कसे बोलायचे, या संकोचापायी तो इतके दिवस गप्प राहिला होता. ठरले ते असे : आमच्या वर्गणीतून उरलेले आणि आम्ही खिशातून घातलेले पैसे मिळून जेवढे दिवस भरतील तेवढे दिवस बायका मजुरीवर दगड वाहतील. मुलांनी त्यांना पाणी आणून द्यायचे, चौताऱ्यात अडकलेले पत्रे पाठीवरून आणायचे आणि दुपारी शाळेच्या पोरांना सांभाळायचे. भिंत बांधणार गावचा डकर्मी, म्हणजे गवंडी. मामा त्याच्या हाताखाली.

आणि मग मामांना का आणले होते ते दिसले. किल्लारीत घरे पडली त्याचे एक मोठे कारण भिंतीच्या पोटात होते. रुंद भिंतीला आतून एक आणि बाहेरून एक असे दोन दगडी थर असत आणि मध्ये दगडाच्या कपच्या व माती भरलेली. दोन्ही थरांना एकत्र धरणारा आरपार दगड क्वचितच असे. धक्का बसला की भिंत उभी चिरून फुगे आणि माळवदाचे ओझे खाली येई. भूकंपानंतर लाखांवर घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले, तेव्हा गवंड्यांना आरपार दगड आणि भिंतीभोवतीचा बंध शिकवला गेला. 'स्वयम् शिक्षण प्रयोग'ने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. घर कसे दुरुस्त होते आहे हे त्या स्वतः तपासत. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा आपल्याकडच्या अशा बायका तिकडे अनुभव सांगायला गेल्या होत्या. मामा हे सगळे त्याच काळात शिकलेले.

मामांना हिंदी चार वाक्यांपलीकडे येत नव्हते, डकर्मीला मराठी शून्य. मामांनी जमिनीवर दोन दगड समांतर मांडले, मध्ये कपच्या भरल्या आणि बाजूने टिचकी मारली. दगड दोन्हीकडे घसरले. मग एक लांब दगड आडवा टाकला आणि पुन्हा टिचकी मारली. डकर्मी हसला. तो उठून पडक्या घराच्या पायाकडे गेला आणि बोटाने दाखवले. तिथे जुन्या भिंतीत लाकडी पट्टी बसवलेली होती. शेजारी बसलेला एक नव्वदीला टेकलेला म्हातारा बोलू लागला. दिदींनी अर्थ सांगितला : विक्रम संवत नव्वद सालच्या भुईंचालोनंतर, म्हणजे १९३४ च्याच त्या भूकंपानंतर, त्याच्या बापाने घर बांधताना ही पट्टी घातली होती. पुढच्या पिढीला ते खर्चाचे वाटले आणि विसरले गेले. मामा म्हणाले, 'आमच्याकडं बी आसंच. ईस-पंचवीस वर्सं झाली की मानूस इसरतंय.'

पुढचे आठ दिवस त्या दोघांचे काय बोलणे चाले देव जाणे, पण भिंत सरळ उठत होती. डकर्मीने मामांना बांबूची गाठ शिकवली. दर चार फुटांवर आरपार दगड बसला. बायका एका फेरीत आमच्या दोन मुलांएवढे दगड आणत आणि वर गाणी म्हणत.

मध्येच तिहार आला, म्हणजे आपली दिवाळी. १३ नोव्हेंबरला भाऊबीज, त्यांची भाईटीका. पण गावात दिवे मोजकेच होते. ज्या घरात माणूस गेले तिथे वर्षभर सण नसतो. दिदींच्या घरी टीका नव्हती. आमच्या मुलींनी 'आपण करू या का भाऊबीज सगळ्यांची?' असे मला हळूच विचारले. मी म्हटले, 'मला नको, दिदींना विचारा.' त्यांनी विचारले. दिदी म्हणाल्या, 'पुढच्या वर्षी.' मुली 'बरं' म्हणाल्या आणि त्यांच्याबरोबर भांडी घासायला बसल्या. त्या संध्याकाळी मला वाटले, शिबिर आता सुरू झाले.

* * *

परत आल्यावर आम्ही ठरवले की पुढच्या वर्षी चौदा जण जायचे नाही. मामा आणि आणखी एक एवढेच जातील, तेही तिकडून बोलावणे आले तर. उरलेला प्रवासखर्च मजुरीसाठी पाठवायचा. चार मुले या निर्णयाने नाराज होऊन गट सोडून गेली. त्यांना दोष देत नाही. विशीत दूर जाऊन हाताने काहीतरी उभारावेसे वाटणे ही चांगलीच ओढ आहे. ती मारायची नसते. पण ज्याच्या दारात जायचे त्याला आपल्या ओढीची किंमत मोजावी लागू नये, इतके पाहायला हवे. आपण गेल्याने त्यांच्यापेक्षा आपणच जास्त घेऊन येतो, हे तर मी आजही कबूल करतो.

आता तिथे पक्की शाळा झाली आहे. आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत सरपण ठेवतात, असे फोनवर कळते. भिंत मात्र उभी आहे.

एक फोन सांगायचा राहिला. एप्रिल २०१६. लातूरला प्यायला पाणी नव्हते. मिरजेहून रेल्वेने पाणी आणले जात होते आणि देशभरच्या वाहिन्यांवर ती टँकरची गाडी दिसत होती. एके रात्री नेपाळहून दिदींचा फोन आला. त्यांनी टीव्हीवर लातूरचे नाव ऐकले होते. नाकेबंदी उठून दोन महिने झाले होते आणि त्यांच्या घरी नुकताच सिलिंडर आला होता, हे त्यांनी आधी सांगितले. मग म्हणाल्या, 'तुमच्याकडे पाणी नाही म्हणे. आम्ही विहीर खणायला येऊ शकतो, बारा जणी आहोत. पण तुमच्याकडच्या बायकांना त्याची मजुरी मिळत असेल तर नको. म्हणून आधी विचारते आहे.'

मी आईकडे फोन दिला. आईला हिंदी येत नाही. ती बराच वेळ नुसती 'हां, हां' करत राहिली.